पणजीतले लडाखी दुकान: जर्दाळू, पश्मिना आणि त्यांच्यामागचा मुलूख

पणजीत अठरा जून रस्त्याला लागून असलेल्या एका अरुंद गल्लीत गेली तीन वर्षे ऑक्टोबर ते मार्च एवढ्या काळापुरते लडाखी वस्तूंचे एक लहान दुकान उघडते. दारावर ‘जुले’ हा नमस्काराचा लडाखी शब्द देवनागरीत लिहिलेला आहे. त्याखेरीज पाटी नाही, आणि आजूबाजूचे लोक त्याला नुसते ‘लडाखी दुकान’ म्हणतात. दुकान चालवणारे दांपत्य मध्यमवयीन आहे. पती सिंधू नदीच्या काठच्या शाम भागातले, खालत्सेजवळच्या एका खेड्याचे, आणि पत्नी न्योमाकडच्या, म्हणजे चांगथांगच्या पठारावरच्या. या हंगामात मी तेथे पाच वेळा गेलो, वेगवेगळ्या वस्तू घेतल्या, घरी वापरून पाहिल्या आणि मगच हे लिहायला बसलो.

माझ्या परीक्षणाला एक जुनी पार्श्वभूमी आहे. फोंडा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी तीस वर्षे भूगोल शिकवला. शीत वाळवंट म्हणून लडाखचा पाठ दरवर्षी येई आणि दोन तासिकांत संपे. उंची, पर्जन्यमान, याक, मठ एवढे फळ्यावर उतरले की आम्ही पुढच्या धड्याकडे वळत असू. निवृत्तीनंतर किनाऱ्यावरच्या एका दुकानातून पत्नीसाठी पश्मिना म्हणून एक शाल घेतली. ती पहिल्याच धुण्यात आकसली, आणि कापडाची जाण असलेल्या एका स्नेह्यांनी ती व्हिस्कोस या कृत्रिम धाग्याची असल्याचे पाहताक्षणी सांगितले. पैसे गेल्याचे दुःख झालेच, पण ज्या वस्तूचा उगम मी मुलांना शिकवत होतो ती वस्तू मला स्वतःला ओळखता आली नाही, याची खंत अधिक वाटली. म्हणून या दुकानाकडे पाहताना मी एकच कसोटी लावली: येथे वस्तूबरोबर तिचा मुलूखही खरा सांगितला जातो की नाही?

आत शिरताच समोरच्या भिंतीवर लडाखचा मोठा नकाशा दिसतो. त्यावर रंगीत टाचण्या आहेत आणि दुकानातल्या प्रत्येक डब्यावर त्याच रंगाची चिठ्ठी आहे. चिठ्ठीवर गावाचे नाव, गावाची उंची आणि माल कोणत्या महिन्यातला आहे हे हाताने लिहिलेले असते. ही व्यवस्था साधी आहे, पण तिचे मोल मोठे आहे. नकाशा नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अधिकृत नकाशावरून केलेला आहे, त्यामुळे त्यात लेह जिल्ह्याच्या हद्दीत गिलगिट आणि अक्साई चीनही दिसतात. टाचण्या मात्र नकाशाच्या एका भागातच आहेत. भारताच्या दाव्यानुसार लडाखचे क्षेत्रफळ १,६६,६९८ चौरस किलोमीटर आहे आणि प्रत्यक्ष ताब्यात सुमारे ५९,१४६ चौरस किलोमीटर. पूर्वेचा अक्साई चीन, सुमारे ३८,००० चौरस किलोमीटर, चीनकडे आहे. उत्तरेचे शक्सगाम खोरे पाकिस्तानने १९६३ च्या करारात चीनला देऊन टाकले. आणि गिलगिट-बाल्टिस्तान पाकिस्तानच्या ताब्यात आहे. जेथे टाचण्या संपतात तेथून माल येऊ शकत नाही, हे एवढ्या स्पष्टपणे मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात पाहिले नव्हते.

आता वस्तूंकडे वळतो. या दुकानाची खरी शान म्हणजे सुकी जर्दाळू. तीन प्रकार होते. मी त्यांतले ‘रक्तसे कार्पो’ घेतले, अर्धा किलोला ६०० रुपये. या नावाचा अर्थ पांढऱ्या बीचे असा आहे. या जातीची बी पांढरट आणि गोड असते, आणि २०२२ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. बाजारात आपल्याला दिसणारी झळझळीत नारिंगी जर्दाळू गंधकाची धुरी दिलेली असतात. ही तपकिरी, सुरकुतलेली, दिसायला साधी आहेत आणि चवीला कितीतरी सरस. पहिल्यांदा गोडी लागते, मग मागून किंचित आंबटपणा येतो आणि तो बराच वेळ जिभेवर राहतो. रात्री पाण्यात भिजवून सकाळी खाल्ली तर फणससाठां-आंबासाठांवर वाढलेल्या आपल्या गोवेकरांच्या जिभेला ती लगेच आपलीशी वाटतात. बी फोडून खाल्ली, गोड निघाली. कडू बियांचे तेल वेगळ्या बाटलीत आहे आणि ते फक्त अंगाला लावण्यासाठी, पोटात घेण्यासाठी नाही, हे दुकानदारांनी न विचारता सांगितले. कडू बीत विषारी अंश असतो, त्यामुळे ही सूचना चिठ्ठीवरही असायला हवी होती.

चिठ्ठीवर उंची होती सुमारे ३,००० मीटर. गोव्यातले सर्वात उंच शिखर सोसोगड साडेअकराशे मीटरांच्या थोडे वर आहे, त्यावरून अंदाज करावा. लेह शहर तर ३,५०० मीटरांवर आहे. हिमालयाची मुख्य रांग ओलांडताना मोसमी वारे आपले पाणी अलीकडेच टाकून देतात, त्यामुळे लेहमध्ये वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे तो ३,००० मिलिमीटरच्या आसपास असतो. मग ही फळबाग जगते कशावर, हा प्रश्न मी त्यांना मुद्दाम विचारला, कारण याचे उत्तर मी वर्गात ‘बर्फाच्या पाण्यावर’ असे दोन शब्दांत देत असे. त्यांनी दिलेले उत्तर अर्धा तास चालले. डोंगरावरचे बर्फ वितळून आलेले पाणी ‘युरा’ नावाच्या कालव्यांतून गावात येते, रात्री ते ‘झिंग’ नावाच्या तळ्यात साठवले जाते, आणि कोणाच्या शेताला किती वेळ पाणी द्यायचे हे ‘चुरपोन’ ठरवतो. चुरपोन हा गावानेच पाळीपाळीने नेमलेला माणूस. त्याचा शब्द मोडला जात नाही, कारण एप्रिल-मेमध्ये पाण्याचा एक दिवस चुकला तर बार्लीचे पीक हातचे जाते.

हे ऐकताना मला आपली खाजने, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेते, आठवली. आपल्याकडे प्रश्न उलटा, खारे पाणी बाहेर ठेवण्याचा. पण बांध कोणी घालायचे, मानसीची, म्हणजे बांधातल्या पाणमोरीची, दारे भरती-ओहोटीप्रमाणे कोणी उघडायची आणि मिटायची, हेही गावकरीने, म्हणजे कोमुनिदादीने, शेकडो वर्षे सामूहिकपणे सांभाळले. एका प्रदेशात पाणी थेंबाथेंबाने मोजावे लागते आणि दुसऱ्यात ते थोपवावे लागते, तरी दोन्हीकडे गावाने स्वतःचा कारभार स्वतः उभा केला. आपल्याकडे तो कारभार ढिला पडल्यावर बांध फुटले आणि शेती खारटली, हे फोंडा, तिसवाडी, बार्देशातल्या शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको. हे मी विषयांतर म्हणून लिहीत नाही. पुढे शासनव्यवस्थेची गोष्ट येणार आहे आणि तिचे मूळ या चुरपोनात आहे.

जर्दाळूचा दुसरा प्रकार तुर्तुकचा होता. तुर्तुक हे श्योक नदीकाठचे बाल्टी भाषिकांचे गाव. १९७१ च्या युद्धापर्यंत ते पाकिस्तानच्या ताब्यात होते, आणि त्या युद्धात तेथील चार गावे भारताकडे आली. १९४७ पूर्वी लेह, कारगिल आणि स्कर्दू या तीन तहसिली मिळून एकच लडाख वजारत, म्हणजे जिल्हा, होती. १९४९ ची युद्धबंदी रेषा, जी १९७२ च्या सिमला करारानंतर नियंत्रण रेषा झाली, ती या एका प्रशासकीय घराच्या मधोमध गेली, आणि कारगिल-स्कर्दू रस्ता तेव्हापासून बंद आहे. रेषेच्या दोन्ही बाजूंना तीच जर्दाळू पिकतात, तशीच छपरांवर वाळतात, पण स्कर्दूची फळे काराकोरम महामार्गाकडे जातात आणि तुर्तुकची खार्दुंग ला ओलांडून लेहकडे. तुर्तुकच्या जर्दाळूची चव मला रक्तसे कार्पोपेक्षा थोडी कमी वाटली, गर जरा तंतुमय. पण ज्यांना आंबटपणा आवडतो त्यांनी हाच प्रकार घ्यावा.

ताजी जर्दाळू येथे कधी मिळतील का, असे एका गिऱ्हाइकाने माझ्यासमोर विचारले. त्याचे उत्तर नकारार्थी आहे. पिकलेले फळ दोन-तीन दिवसांतच लिबलिबीत होते. शिवाय कॉडलिंग मॉथ या फळकिडीमुळे लडाखची ताजी सफरचंदे आणि जर्दाळू लडाखबाहेर नेण्यावर दीर्घकाळ निर्बंध होते. आणि रस्त्यांचे म्हणाल तर ३,५२८ मीटरांवरचा झोजी ला हिवाळ्यात बर्फाखाली जातो. सोनमर्गचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये खुला झाला. झोजी लाखालचा तेरा किलोमीटरांहून लांब बोगदा अजून तयार होतो आहे. तोवर लडाखच्या शेतकऱ्याला आपले बहुतेक पीक वाळवूनच विकावे लागणार, आणि आपण त्याचीच चव घ्यावी हे उत्तम.

आता पश्मिना. मी लांबलचक, नैसर्गिक बदामी रंगाची, बिनभरतकामाची एक स्टोल घेतली, ११,५०० रुपयांना. ही रक्कम मोठी आहे आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाने ती विचार करूनच द्यावी, म्हणून मी तिसऱ्या भेटीत दिली. दुकानदारांनी एक धागा काढून माझ्यासमोर जाळला. केस जळाल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरगळली, तेव्हा तो प्राणिज धागा आहे एवढे सिद्ध झाले. याने लोकर आणि पश्मिना यांतला फरक कळत नाही, हे त्यांनी स्वतःच मान्य केले, आणि मग भिंग हातात दिले. हाताने कातलेल्या सुताची जाडी कमी-जास्त असते, वीण किंचित असमान दिसते; यंत्रावरच्या कापडाची एकसारखी चकाकी तिच्यात नसते. पणजीच्या जानेवारीतल्या पहाटेला ही स्टोल पुरून उरते. पत्नीने ती फेब्रुवारीत महाबळेश्वरला नेली आणि वर दुसरे काही घ्यावे लागले नाही.

चिठ्ठीवर लिहिले होते: कोरझोक, ४,५०० मीटरांच्या वर. हे त्सो मोरिरी सरोवराच्या काठचे चांगपा पशुपालकांचे ठाणे. चांगपा लोक याकच्या केसांच्या ‘रेबो’ नावाच्या तंबूंत राहतात आणि ऋतूप्रमाणे कुरणे बदलत फिरतात. हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांच्याही खाली जातो आणि त्या थंडीपासून बचाव म्हणून शेळीच्या राठ केसांच्या आत १२ ते १५ मायक्रॉन जाडीचा मऊ थर, म्हणजे पश्म, उगवतो. वसंत संपताना तो गळू लागतो तेव्हा फणीने विंचरून काढतात. एका शेळीपासून वर्षाला साधारण पाव किलो कच्चा माल मिळतो, राठ केस वेगळे केल्यावर त्याच्या निम्म्याहून कमी उरतो, म्हणजे एका शालीला दोन-तीन शेळ्यांची वर्षाची कमाई लागते. संपूर्ण लडाखचे कच्च्या पश्मचे वार्षिक उत्पादन पन्नास टनांच्या आत-बाहेर आहे. हे आकडे समजल्यावर पाचशे रुपयांत पश्मिना देऊ करणाऱ्याशी वाद घालण्याचेही कारण उरत नाही.

या पाव किलो लोकरीसाठी राज्ये लढली आहेत. १६८४ च्या तिंगमोसगांगच्या तहाने पश्चिम तिबेटातली पश्म लडाखमार्गे काश्मीरच्या व्यापाऱ्यांनाच मिळेल अशी व्यवस्था केली. जम्मूचे सरदार जोरावरसिंह १८३४ मध्ये लडाखवर चालून गेले आणि पुढे तिबेटात शिरले. त्या मोहिमांमागे हा व्यापार हातात घेण्याचा हेतू होता असे इतिहासकार मानतात. ते १८४१ मध्ये तिबेटात मारले गेले, पुढच्या वर्षी तह झाला, आणि १८४६ च्या अमृतसरच्या करारानंतर लडाख जम्मू-काश्मीर संस्थानाचा भाग म्हणून राहिले. सीमा कोठून जाते हे मात्र जमिनीवर कोणी खुणा रोवून ठरवले नव्हते. चरणाऱ्या कळपांना तशा रेषेची गरज पडत नव्हती. चीनने १९५० च्या दशकात शिनजियांग-तिबेट रस्ता अक्साई चीनमधून नेला, १९६२ चे युद्ध झाले, आणि सीमा बंद पडली. तोवर चांगपा तिबेटातल्या सरोवरांचे मीठ मेंढ्यांच्या पाठीवर लादून आणत आणि शाममध्ये बार्लीच्या बदल्यात देत. दुकानातल्या बाईंच्या आजोबांनी ही फेरी केली होती. मीठ विकून धान्य आणणाऱ्या घराची ही गोष्ट पेडण्याच्या मिठागरांवर काम केलेल्या माणसाला लगेच उमजेल.

ही गोष्ट त्यांच्या पिढीत संपलेली नाही. १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यातील संघर्षात २० भारतीय जवान हुतात्मा झाले. त्यानंतर पँगाँग आणि इतर ठिकाणी दोन्ही सैन्ये मागे घेताना मधला पट्टा रिकामा ठेवण्यात आला, आणि आपली हिवाळी कुरणे त्या पट्ट्यात अडकल्याचे चुशूल भागातील पशुपालक तेव्हापासून सांगत आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये देपसांग आणि देमचोक येथील गस्तीबाबत समझोता झाला. कुरणांवर दुसरा भार आहे सौर ऊर्जेचा: पांगच्या पठारावर १३ गिगावॉटचा प्रकल्प नियोजित आहे. सौर ऊर्जा चांगलीच, पण ज्या जमिनीला नकाशावर पडीक म्हणतात ती शेळीच्या दृष्टीने पडीक नसते. आपल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, एखादा प्रकल्प येतो तेव्हा हीच चूक होते आणि गुरे चारणारे, रानभाज्या खुडणारे लोक कागदावर नसतातच. बाईंनी हे सांगताना आवाज चढवला नाही. नकाशावरची एक टाचणी काढून, जरा पश्चिमेकडे सरकवून, परत रोवून दाखवली. त्यांच्या माहेरचा कळप पाच वर्षांत एवढा सरकला होता.

पश्मिन्याबाबत माझी मुख्य तक्रार आता नोंदवतो. चिठ्ठीवर शेळी कोठली हे असते, पण सूत कोणी कातले आणि कापड कोठे विणले हे नसते. कपाटातल्या सहा स्टोलांपैकी दोन लेहमध्ये कातून विणलेल्या होत्या आणि चार श्रीनगरहून आलेल्या. सहाहींवर कोरझोक किंवा न्योमा एवढेच लिहिले होते. परंपरेने लडाख कच्चा माल देई आणि शाल काश्मीरमध्ये तयार होई. काश्मीर पश्मिन्याला २००८ मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले, आणि श्रीनगरच्या कातणाऱ्या बायकांचे व विणकरांचे कसब कोणत्याही अर्थाने कमी नाही. म्हणूनच त्यांचा उल्लेख गाळणे योग्य नाही. शिवाय लडाखला जेव्हा आपल्या मालाची पूर्ण किंमत आपल्याच गावी मिळवायची आहे, तेव्हा लेहमध्ये विणलेली शाल वेगळी ओळखू येणे त्याच्याच हिताचे आहे. मी हे सांगितल्यावर दुकानदारांनी वाद घातला नाही. चौथ्या भेटीत दोन स्टोलांवर ‘लेह येथे कातलेली व विणलेली’ अशी चिठ्ठी होती, उरलेल्यांवर मात्र श्रीनगरचे नाव अजून आलेले नाही. ते यावे.

त्याच भेटीत बाईंनी मला एक प्रश्न विचारला. गोवाही केंद्रशासित होता ना, मग तुम्हाला राज्य कसे मिळाले? पुस्तकी उत्तर माझ्या जिभेवर होते. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, दमण आणि दीवसह केंद्रशासित प्रदेश झाला, १९६३ च्या अखेरीस निवडणूक होऊन ३० जणांची विधानसभा आणि भाऊसाहेब बांदोडकरांचे मंत्रिमंडळ आले, १६ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही यावर जनमत कौल झाला, आणि ३० मे १९८७ रोजी घटक राज्य झाले. जनमत कौलात आमच्या घरातली माणसे विलीनीकरणाच्या बाजूची होती. आम्ही हरलो, पण आम्हाला विचारण्यात आले होते. हे वाक्य माझ्या तोंडून सहज गेले. बाई काही वेळ काही बोलल्या नाहीत.

त्यांचे गप्प राहणे समजून घेण्यासाठी तिकडची व्यवस्था पाहावी लागते. ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी लडाख जम्मू-काश्मीरपासून वेगळे होऊन केंद्रशासित प्रदेश झाले, पण विधानसभेशिवाय. आधी जम्मू-काश्मीरच्या विधानसभेत लडाखचे चार आमदार असत. आता एकही नाही. कारभार नायब राज्यपालांकडे. लेहला १९९५ पासून आणि कारगिलला २००३ पासून स्वायत्त पर्वतीय विकास परिषद आहे, प्रत्येकी ३० सदस्यांची, त्यांतले २६ निवडून आलेले. पण त्या परिषदांना कायदे करता येत नाहीत. लोकसभेची जागा एकच, आणि क्षेत्रफळाने ती देशातली सर्वात मोठी. गोव्याच्या जवळजवळ सोळापट भूभाग, एक खासदार; ३,७०२ चौरस किलोमीटरांच्या गोव्याला दोन. अर्थात लोकसंख्येचे पारडे उलट आहे: २०११ च्या जनगणनेत लडाखमध्ये २,७४,२८९ लोक होते आणि गोव्यात १४,५८,५४५. पण विस्तार, बर्फ आणि दोन सरहद्दी पाहता नुसती डोकी मोजून प्रतिनिधित्व ठरवणे मला न्याय्य वाटत नाही.

२०१९ मध्ये बौद्धबहुल लेहमध्ये आनंद साजरा झाला होता आणि शियाबहुल कारगिलमध्ये निषेध. पुढे वर्ष-दोन वर्षांतच दोन्ही जिल्ह्यांतल्या संघटना एकत्र आल्या आणि त्यांनी चार मागण्या मांडल्या: राज्याचा दर्जा, राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीचे संरक्षण, स्वतंत्र लोकसेवा आयोग, आणि लेह व कारगिलसाठी वेगवेगळे खासदार. सहावी अनुसूची सध्या आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोरम यांतील आदिवासी भागांना लागू आहे, आणि लडाखमधले बहुसंख्य लोक अनुसूचित जमातींचे आहेत. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये पाच नवे जिल्हे जाहीर केले, जून २०२५ मध्ये स्थानिकांसाठी नोकऱ्यांत ८५ टक्के आरक्षण आणि परिषदांत स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा ठेवल्या. तरी मूळ मागण्या राहिल्याच, आणि २४ सप्टेंबर २०२५ रोजी लेहमधल्या आंदोलनाला हिंसक वळण लागून चार माणसे मृत्युमुखी पडली. या दांपत्याने त्या वर्षी दुकान पंधरा दिवस उशिरा उघडले.

रेषेपलीकडेही चित्र समाधानाचे नाही. गिलगिट-बाल्टिस्तानला २००९ पासून विधानसभा आहे, पण पाकिस्तानच्या राष्ट्रीय सभेत तेथील लोकांचा एकही प्रतिनिधी बसत नाही. काराकोरमच्या दोन्ही अंगांना, जेथे राज्यांना जमीन सर्वात मोलाची वाटते तेथेच माणसाचे मत सर्वात कमी मोजले जाते, हे मला दुकानातल्या त्या एका प्रश्नाने दिसले. चुरपोनाला पाणी वाटण्याचा अधिकार देणाऱ्या गावांना स्वतःचे सरकार चालवता येणार नाही, असे कोणाला वाटत असेल तर माझे त्याच्याशी पूर्ण मतभेद आहेत.

बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. भाजलेल्या बार्लीचे पीठ, १८० रुपये किलो, ताजे आणि खमंग आहे; गूळ आणि नारळाचा रस घालून त्याची पेज फार छान होते, आणि हा प्रयोग ऐकून दुकानातल्या बाईंना आश्चर्य वाटले. सी-बकथॉर्न या काटेरी झुडपाच्या आंबट फळांचा रस लेहच्या संरक्षण प्रयोगशाळेच्या संशोधनामुळे देशभर माहीत झाला. येथील बाटलीत साखर इतकी आहे की फळाचा स्वभाव लोपतो. आमच्या कोकम सरबताची सवय असलेल्याने तो घेऊ नये. ‘छुरपे’ म्हणजे वाळवलेले ताक-पनीर मात्र पणजीच्या हवेत आठवड्यात बुरशीला लागले. हा मालाचा दोष नसून बांधणीचा आहे: कोरड्या प्रदेशात कागदी पिशवी चालते, आपल्याकडे हवाबंद डबाच लागतो. जर्दाळूंनाही मार्चमध्ये ओल धरली होती. घरी आणल्यावर ती लगेच बरणीत भरून शीतकपाटात ठेवावीत.

सेवा शांत आणि नीट आहे. भाव ठरलेले असतात, घासाघीस चालत नाही, बिल हाताने लिहून मिळते आणि बुरशी लागलेल्या छुरपेचे पैसे त्यांनी एका शब्दाने परत केले. रांग असली की मात्र वेळ फार जातो, कारण प्रत्येकाला प्रत्येक वस्तूची हकीकत सांगितली जाते. घाई असेल त्याने सकाळी दहाच्या सुमारास जावे. हिंदी चालते, आणि दुकानदार आता मोडके कोकणीही बोलतात. चिठ्ठ्या मराठी-कोकणीत लिहून देण्याची तयारी मी दाखवली आहे. पुढच्या हंगामात त्यांवर कडू तेलाची सूचना आणि विणणाऱ्याचे गावही असेल, असे आमचे ठरले आहे.

लडाखचा पर्यटन हंगाम उन्हाळ्याचा आणि गोव्याचा हिवाळ्याचा, त्यामुळे हे दुकान दोन्हीकडे पुरते. लडाख १९७४ मध्ये पर्यटकांसाठी खुले झाले आणि २०२२ मध्ये तेथे पाच लाखांहून अधिक पर्यटक गेले. तरी ज्यांच्याकडे अतिथिगृह नाही त्यांच्या हाती त्यातले थोडेच पडते. म्हणून हे दोघे सहा महिने येथे येतात. यंदा ते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दुकान बंद करतील, कारण एप्रिलमध्ये शाममध्ये जर्दाळूला फुले येतात आणि त्याच सुमारास त्यांच्या घराची पाण्याची पाळी असते. रक्तसे कार्पो संपत आले आहेत. मी आणखी एक किलो बाजूला ठेवायला सांगितले आहे.